ऑर्डरमध्ये ‘रात्री १२’ लिहिण्याआधी हे वाचा

तुम्ही परदेशात, बायको किंवा नवरा घरी, आणि वाढदिवस तोंडावर आलेला. अशा वेळी तुमच्या वतीने भेट, फुलं आणि पत्र घरी पोचवायचं काम आम्ही करतो. भेट कुठली, फुलं कुठल्या रंगाची, पत्रात काय लिहायचं, यात आम्ही नाक खुपसत नाही. ते तुम्हालाच जास्त कळतं. हे पत्रक फॉर्ममधल्या ‘वेळ’ या एका रकान्यासाठी आहे. बाकी सगळा फॉर्म मिळून जेवढे फोन करावे लागत नाहीत, तेवढे या एका रकान्यापायी करावे लागतात.

बहुतेक जण तिथे लिहितात, ‘१५ तारीख, रात्री १२’. आता १४ संपून १५ लागते तेव्हाही रात्रीचे १२ वाजतात, आणि १५ संपून १६ लागते तेव्हाही. तुमच्या मनात पहिलेच १२ असणार हे आम्हालाही दिसतं, पण अंदाजावर माणूस दारात पाठवता येत नाही. त्यापेक्षा सरळ ‘१४ च्या रात्री ११:५५’ असं लिहा. पाच मिनिटं आधी पोचलेला माणूस जिन्यात थांबेल. एक दिवस उशिरा पोचला, तर मग ना तुम्ही काही करू शकता, ना आम्ही.

खरी मेख पुढेच आहे: हे १२ कुणाचे? समजा घर भारतात आहे, तुम्ही न्यू यॉर्कला आहात आणि महिना जून. तुमच्याकडे मध्यरात्र होते तेव्हा घरी सकाळचे ९:३० झालेले असतात. तुम्ही फोन हातात धरून जागे, बायको कामाला निघून गेलेली, आणि आमचा माणूस फुलं घेऊन कुलपासमोर उभा. तुम्ही सिडनीत असाल तर गाडी उलट्या बाजूने घसरते. जूनमध्ये तिथली मध्यरात्र म्हणजे भारतात आदल्या संध्याकाळचे ७:३०. वाढदिवस अजून लागलेलाही नाही आणि सरप्राइज फुटलं!

म्हणून आमचा नियम एकच: वेळ घरच्या घड्याळाची लिहायची आणि पुढे घर ज्या शहरात आहे त्याचं नाव. ‘आयएसटी’ वगैरे आद्याक्षरं कृपया नकोत. आयएसटी भारताची प्रमाणवेळ आहे, इस्रायलचीही आहे आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही तीच अक्षरं लावते. सीएसटी म्हटलं की अमेरिकेतला मधला पट्टाही येतो आणि चीनही. शहराच्या नावात हा घोळ होत नाही.

‘साडेनऊ तासांचा फरक आहे, मला पाठ आहे’ असं सांगणारे ग्राहक आम्हाला सगळ्यात जास्त अडचणीत आणतात. तो फरक वर्षभर तोच राहत नाही. भारतात घड्याळ बदलत नाही, पण न्यू यॉर्कमध्ये बदलतं, म्हणून जूनमधले साडेनऊ तास डिसेंबरमध्ये साडेदहा होतात. त्यात प्रत्येक देशाचं वेळापत्रक निराळं. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यू यॉर्क यांच्यातलं अंतर नेहमीच्या ५ तासांऐवजी ४ तासांवर येतं. ऑस्ट्रेलियात तर सिडनी घड्याळ बदलतं आणि ब्रिस्बेन बदलत नाही. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबरमधले वाढदिवस आम्ही म्हणूनच दोनदा तपासतो. तुम्ही बोटांवर हिशेब करू नका. मोबाइलच्या घड्याळात घरचं शहर जोडून ठेवा आणि तिथे बघून लिहा.

तारखेत महिना अक्षरी लिहा. ४/३ म्हणजे आपल्यासाठी ४ मार्च, पण काही वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस तेच ३ एप्रिलसाठी लिहितो. त्याला ते जाणवतही नाही.

पैसे भरल्यावरही आम्ही फोन करतो, यावर काही जण वैतागतात. ‘सगळं लिहिलंय ना, मग परत काय?’ त्या फोनवर आम्ही एकच प्रश्न विचारतो: बेल वाजेल तेव्हा तुमच्याकडे किती वाजलेले असतील? इथे अडखळायला झालं, तर रकाना चुकलेला आहे एवढं नक्की. या फोनचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही आणि तो टाळणारही नाही. फॉर्ममध्ये आणखी एका माणसाचा नंबर मागतो, तोही याचसाठी. घरातलं किंवा शेजारचं कुणीही चालेल, फक्त त्याला बेत माहीत हवा. जिचा वाढदिवस आहे तिला विचारता येत नाही, आणि रात्री बारा वाजता अनोळखी माणसाला कुणी दार उघडावं अशी अपेक्षाही आम्ही ठेवत नाही. असा नंबर नसेल तर आम्ही सकाळची वेळ देतो, रात्रीची नाही.

‘भेट मीच इथून पाठवतो, तुम्ही फक्त फुलं पोचवा’ असंही विचारलं जातं. जरूर पाठवा. पण दुसऱ्या देशातून आलेल्या पार्सलवर आयात शुल्क लागू शकतं आणि ते बहुधा घेणाऱ्याकडून वसूल होतं. बायकोने स्वतःच्या वाढदिवसाच्या भेटीचे पैसे दारात मोजायचे, हे काही बरं दिसत नाही. शिवाय पार्सल कस्टममध्ये किती दिवस बसेल ते कुणाच्याच हातात नसतं. आम्ही घर ज्या देशात आहे तिथूनच वस्तू घेतो, त्यामुळे या दोन्ही कटकटी उरत नाहीत. निवड तुमचीच राहते. लिंक किंवा फोटो पाठवा.

बेल आणि व्हिडिओ कॉल एकाच वेळी हवा असेल तर कॉल आमच्या निरोपानंतर लावा. माणूस दाराशी पोचला की आम्ही तुम्हाला मेसेज करतो. आधी लावलात तर बायको फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि बेल वाजतच राहते. ज्या ॲपवरून बोलणार ते दोन दिवस आधी चालवून बघा. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद आहे आणि अमिरातीत अशा कॉलवर निर्बंध आहेत, हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही.

पत्र टाइप करून पाठवलंत तर आम्ही छापून देतो. हाताने लिहून त्याचा फोटो पाठवलात तर तुमच्याच अक्षरात छापतो, त्याच दरात. फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा आणि फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशचा पांढरा डाग कागदाच्या मधोमध पडतो आणि तिथली ओळ आम्हाला वाचता येत नाही.