अदलाबदलीचे चौकोन आणि ‘चार्म’ या शब्दाचा प्रवास

एका मापाचे कापडी चौकोन टपालाने एकमेकींना पाठवायचे आणि आलेल्या चौकोनांतून रंगीबेरंगी ब्लॉक, म्हणजे क्विल्टचे जोडून केलेले चौकोनी भाग, शिवायचे, ही अमेरिकेतील क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून केलेले, गोधडीसारखे पांघरूण) शिवणाऱ्यांची पद्धत काटकसरीतून जन्मली असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. यादवी युद्धानंतर छापील सुती कापड स्वस्त झाले, नक्ष्या असंख्य झाल्या आणि साधारण १८७० ते १९०० या काळात, आकार एकच पण कापड एकदाही पुन्हा न आलेले, असे शेकडो तुकडे जोडण्याची हौस पसरली. अशा क्विल्टला ‘चार्म’ म्हणत. अशा क्विल्टमध्ये ९९९ तुकडे असावेत, अशी एक आख्यायिकाही आहे. पण इतकी निरनिराळी कापडे एका घरात सापडणे कठीण, म्हणून मैत्रिणींकडे आणि नातलगांकडे मागणी जाई. अदलाबदलीमागे टंचाई होती त्याहून अधिक वैविध्याचा हव्यास होता.

१९३० च्या दशकात पीठ आणि पशुखाद्याची छापील सुती पोती घरोघरी आली. त्यांचीही देवाणघेवाण होई, मात्र उलट्या हेतूने: अंगावरच्या कपड्याला एका पोत्याचे कापड पुरत नसल्याने त्याच नक्षीचे दुसरे पोते मिळवावे लागे.

अदलाबदलीच्या आजच्या रूपाला खरा आकार दिला तो १९७६ मधील अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या सुमारास या कलेला आलेल्या नव्या बहराने आणि १९७९ मध्ये आलेल्या फिरत्या पात्याच्या कटरने. कापडाचे थर एकावर एक ठेवून अचूक चौकोन कापणे सोपे झाले. ३६ इंच लांब व ४२ इंच रुंद कापडातून पाच इंचांचे ५६ चौकोन निघतात; म्हणजे एकाच नक्षीचे कापड घेणारी बाई ५५ जणींना एकेक चौकोन पाठवू शकते. २००० साल जवळ आले तेव्हा दोन हजार वेगवेगळ्या कापडांचा क्विल्ट करण्याची जी लाट आली, ती या हिशेबावरच उभी होती, आणि इंटरनेटवरच्या ओळखींनी तिला वेग दिला.

शब्दाचा गुंता येथूनच वाढला. दुकानांत पाच इंची चौकोनांचे तयार गठ्ठे ‘चार्म’ याच नावाने विकले जाऊ लागले. त्यांतील कापडे बहुधा एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेतली, रंगाला रंग जुळवून काढलेली असतात आणि काही गठ्ठ्यांत नक्ष्या दोनदाही येतात. ज्या शब्दाचा अर्थ ‘एकही पुनरावृत्ती नाही’ असा होता, तो केवळ मापाचे नाव होऊन बसला. भाषा अशीच बदलते, असे यावर सांगितले जाते; परंतु या बदलात जुन्या प्रकारासाठी वेगळा शब्दच उरला नाही, ही तक्रार रास्त वाटते. ‘स्क्रॅप’ या शब्दाचेही तेच. अदलाबदलीसाठी मुद्दाम कोरे कापड विकत घेऊन त्याचे चौकोन केले, तर त्यांना उरलेल्या चिंध्या म्हणावे का? एक पक्ष म्हणतो, घेणारीच्या दृष्टीने ते सुटे, बेजोडच तुकडे आहेत. दुसरा पक्ष उगमावर बोट ठेवतो. मराठीत आपण हे सारे सरसकट ‘गोधडी’त घालतो, त्याने घोळ वाढतोच, कारण वापरून विरलेले लुगडे-धोतर हा गोधडीचा मूळ ऐवज आहे.

मापाचे भांडण त्या मानाने साधे आहे. प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत गेल्याने पाच इंची चौकोन साडेचार इंचांचा उरतो आणि तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ चौकोनांचा ब्लॉक साडेतेरा इंचांचा होतो. पण वीस हातांनी कापलेल्या चौकोनांत एखादा सूतभर कमी निघतोच. नागमोडी काठाचा चौकोन टोकापासून मोजायचा की खाचेपासून, आणि कापड आधी धुवायचे की कोरेच पाठवायचे, हे अदलाबदलीच्या नियमांत आता आधीच लिहून दिले जाते. नक्षी दोनदा चालेल की नाही, हेही त्यातच स्पष्ट करावे लागते, कारण नुसते ‘चार्म’ म्हटल्याने ते कळत नाही.