सनद कुठे आहे? एडवर्ड पहिल्याच्या ‘क्वो वॉरंटो’ चौकशीत दावा कसा टिकत असे

इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला १२७४ मध्ये धर्मयुद्धावरून परतला आणि त्याच वर्षी त्यानं काउंटी-काउंटीत, म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यात, चौकशी लावली: राजाचे अधिकार कोण वापरतंय, आणि कशाच्या जोरावर? त्यातून १२७८ चा ग्लॉस्टरचा कायदा आला. लंडनपासून लांब, कंबरलँड-नॉर्थंबरलँडकडे, सरदार आणि मठाधिपती पिढ्यानपिढ्या स्वतःच न्याय देत होते. आता त्या प्रत्येकाला राजाच्या न्यायाधीशांसमोर येऊन ‘क्वो वॉरंटो’, म्हणजे ‘कोणत्या आधारावर’, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं.

दावा कोणी करायचा? आपल्या हद्दीत चोराला फाशी देणारा, बाजार किंवा जत्रा भरवणारा, पाव-बिअरच्या दर-वजनाच्या गुन्ह्यांचे खटले चालवणारा, शिकारीचं रान राखणारा, राजाचे हुकूम शेरीफऐवजी (काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याऐवजी) स्वतः बजावणारा असा प्रत्येक जण. बिशप आणि नगरंही यात आली. डरहॅमच्या बिशपचा मुलूख आणि वेल्सच्या सीमेवरच्या सरदारांचे प्रदेश मात्र या फेरीबाहेर राहिले. तिथे राजाचे नेहमीचे हुकूमच चालत नसत.

मुदत. राजाच्या न्यायाधीशांचं काउंटी-काउंटीत फिरणारं न्यायालय येण्याच्या ४० दिवस आधी शेरीफ बाजारगावांत दवंडी पिटवी. ठरल्या दिवशी हजर न राहिल्यास शेरीफ तो अधिकार राजाच्या ताब्यात घेई. इथे अनेकांची गफलत होते. ही जप्ती तात्पुरती असे; न्यायालय त्या काउंटीत बसलेलं असेपर्यंत येऊन मागितलं तर अधिकार परत मिळे आणि खटला पुढे चाले. न्यायालय उठलं की मात्र कायमचं गेलं. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी हक्क चालू होता असं म्हणणाऱ्याला आणखी एक संरक्षण होतं: त्याच्या नावानं स्वतंत्र हुकूम निघाल्याशिवाय त्यानं उत्तर द्यायची गरज नव्हती. पण हा मुद्दा उभं राहून मांडावा लागे. आपणहून तो कोणी विचारात घेत नसे.

कागदपत्र. खरी अडचण इथेच. हवी होती राजाची सनद, आणि तीत तो हक्क नावानिशी लिहिलेला. ‘सर्व अधिकारांसह’ अशा मोघम शब्दांवर राजाचे वकील तुटून पडत. सनद हरवली असेल तर सरकारी नक्कल शोधावी, पण राजदरबारात सनदांच्या नोंदींच्या गुंडाळ्या सुरू झाल्या ११९९ पासून. त्याआधीची सनद जळाली किंवा कुजली तर दफ्तरात तिचा मागमूस नसे. नंतरच्या एखाद्या राजानं जुनी सनद पाहून तिला दुजोरा दिलेला असेल तर तोच आधार. दख्खनात इंग्रजांच्या इनाम कमिशननं इनामदारांकडे सनदा मागितल्या तेव्हाचा पेच असाच होता.

मग ‘आम्ही पूर्वापार वापरतो’ म्हणून का भागत नसे? राजाचा वकील गिल्बर्ट थॉर्नटन आणि त्याच्यासारखे इतर म्हणत, काळ कितीही लोटला तरी राजाचा हक्क बुडत नाही. हे दावेदारांवर अन्यायाचंच होतं: नोंदी नीट ठेवल्या नव्हत्या राजदरबारानं, आणि पुरावा मागितला जाई प्रजेकडे. न्यायाधीशांतही एकमत नव्हतं, त्यामुळे कित्येक खटले पुढच्या तारखेवर ढकलले गेले.

१२९० ची सवलत. तक्रारी वाढल्यावर राजानं नवा कायदा केला. रिचर्ड पहिल्याच्या राज्यारंभापासून, म्हणजे ३ सप्टेंबर ११८९ पासून, हक्क अखंड वापरात असल्याचं आसपासच्या लोकांच्या पंचांनी सांगितलं तर राजा तो लेखी मान्य करील. ही तारीख वाचून अनेकांना वाटतं की ११८९ चा कागद लागत असे. तसं नाही. लागत असे ती पंचांची साक्ष. शंभर वर्षांपूर्वीचं स्वतः पाहिलेलं कोणी हयात नव्हतं, म्हणून वाडवडिलांकडून ऐकलेलंही चाले. ‘अखंड’ हा शब्द मात्र जड होता; मध्ये खंड पडल्याचं दिसलं की दावा लटके.

सनद असूनही हक्क कसा जाई? वापर चुकीचा झाला तर. पाव-बिअरच्या गुन्ह्यांचं उदाहरण घ्या. वारंवार कमी वजनाचा पाव विकणाऱ्याला मान-हात अडकवणाऱ्या लाकडी चौकटीत उभं करायचं, हा नियम. पुष्कळ सरदार दर वेळी दंड घेऊन सोडून देत, कारण पैसा मिळे. राजाचा वकील विचारी: चौकट आहे का तुमच्याकडे? नसेल तर हा न्याय नव्हे, वसुली आहे, आणि अधिकार जप्त करा. अशी जप्ती झाली तरी बहुधा दंड भरून अधिकार परत मिळवता येई.

बाकी पायऱ्या साध्या. वकील फ्रेंचमध्ये बोले, कारकून लॅटिनमध्ये नोंद करी. निकाल लागला नाही तरी ती नोंद महत्त्वाची होती, कारण आपला अधिकार राजाकडून आला आहे हे दावेदारानं तिथे स्वतःच्या तोंडानं मान्य केलेलं असे.

१२९४ मध्ये फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांतावरून झालेल्या युद्धामुळे फिरती न्यायालयं थांबवली गेली, आणि बरेच दावे निकालाविनाच राहिले.