प्रतिसर्पविष

प्रतिसर्पविष : सर्पविषातील घातक प्रथिनांना बांधून निकामी करणारे, घोड्याच्या रक्तरसापासून बनवलेले औषध. दवाखान्यात ते ‘एएसव्ही’ म्हणून ओळखले जाते, गावाकडे ‘सापाची लस’ म्हणून. लस हा शब्द येथे फसवा आहे. लस टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडे बनवायला शिकते. प्रतिसर्पविषात घोड्याने बनवलेली प्रतिपिंडे उसनी घेतलेली असतात. ती काही दिवसांत शरीराबाहेर जातात आणि पुढच्या दंशाला उपयोगी पडत नाहीत. शिवाय ती रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषालाच धरतात. चेतातंतूच्या टोकाशी पोहोचून आपले काम उरकलेले किंवा मूत्रपिंड जायबंदी करून गेलेले विष त्यांच्या हाती लागत नाही. मात्रा, वेळ, होणाऱ्या चुका आणि नव्या संशोधनाची दिशा हे सगळे या एका मर्यादेशी बांधलेले आहे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत समावेश केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवणारा राष्ट्रीय कृती आराखडा भारत सरकारने २०२४ साली जाहीर केला.

कोल्हापूर जिल्ह्यातील दंश : पंचगंगा खोऱ्यातील उसाची शेते ही उंदरांची हक्काची जागा, आणि उंदरामागे घोणस व नाग येतात. उसाच्या सरीत पडलेल्या पाचटात घोणस दिसत नाही. तिचा रंग पाचटाचाच. तोडणीच्या वेळी बुडख्याजवळ कोयता चालवणारा हात आणि रात्रीच्या वीजपुरवठ्यात रानाला पाणी पाजायला गेलेला अनवाणी पाय, हे दोन अवयव सर्वांत जोखमीचे. घोणस प्रेशर कुकरसारखा मोठा, लांबलेला फुत्कार सोडते, पण मोटारीच्या आवाजात तो ऐकू येईलच असे नाही. पश्चिमेकडे भातखाचरांचे बांध, पिंजराची गंजी आणि शेणीचा हुडवा येथेही हे साप सापडतात. मण्यार मात्र घरात येते. गळीत हंगामात खोपीत जमिनीवर झोपणारे तोडणी कामगार तिच्या तावडीत जास्त सापडतात. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी त्यांना खाट नसतानाही वाचवते. चौथा मोठा विषारी साप फुरसे. तो घाट उतरल्यावर कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर विशेष आढळतो. राधानगरीच्या जंगलपट्ट्यात चापडाही आहे. त्याच्या दंशाने सूज व वेदना होतात, पण भारतीय प्रतिसर्पविष त्याच्या विषापासून बनलेले नसल्याने त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

ओळखीत गफलत नेहमीची. निरुपद्रवी कवड्या मण्यार समजून मारला जातो आणि, त्याहून वाईट, मण्यार कवड्या समजून हातात धरली जाते. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक होत जातात; कवड्याचे उलट. डुरक्या घोणस ही बिनविषारी, आखूड शेपटीची, पण अंगावरच्या ठिपक्यांमुळे तिला घोणस समजण्याची चूक होते. उपचारासाठी साप ओळखलाच पाहिजे असे नाही, डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतात. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक. मारलेला साप पिशवीत घालून आणण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण नुकतेच तुटलेले डोकेही चावू शकते.

तयार करण्याची पद्धत : भारतातील बहुतेक विष तमिळनाडूमधील वडनेम्मेली येथील इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांचे विष घोड्याला अगदी अल्प मात्रेत, वाढवत वाढवत टोचतात. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे झाले की रक्त काढून रक्तरस वेगळा करतात आणि लाल पेशी घोड्याला परत देता येतात. रक्तरसातील प्रतिपिंडांचे पेप्सिनने तुकडे करून विष धरणारा भाग ठेवतात आणि माणसाच्या शरीराला खुपणारे शेपूट काढून टाकतात. शुद्ध केलेला द्रव गोठवून सुकवला की त्याची पांढरी भुकटी होते. ती शीतपेटीशिवाय टिकते, म्हणून वीज बेभरवशाची असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला भुकटीच सोयीची. एका कुपीतून १० मिलि. औषध बनते. प्रत्येक मिलिलिटरने नाग व घोणशीचे प्रत्येकी ०.६ मिग्रॅ. आणि मण्यार व फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिग्रॅ. विष निकामी व्हावे, असे भारतीय प्रमाण आहे.

मात्रेचा हिशेब येथूनच निघतो. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिग्रॅ. विष सोडते असे मानतात. एक कुपी ६ मिग्रॅ. आवरते, म्हणून सुरुवात १० कुप्यांनी. साप मुलासाठी विष कमी सोडत नाही, त्यामुळे १२ किलोच्या मुलालाही कुप्या तेवढ्याच लागतात, कमी करायचे ते सलाइनचे पाणी. गर्भवतीलाही मात्रा तीच. ‘तूर्त दोन कुप्या देऊन पुढे पाठवू’ हा प्रकार सर्वांत महागात पडतो, कारण त्या दोन कुप्यांनी विष आवरत नाही आणि वाटेतला तास-दीड तास मात्र वाया जातो.

देण्याची पद्धत : विषबाधेची खूण दिसल्याशिवाय औषध सुरू करत नाहीत. बिनविषारी सापाचे दंश पुष्कळ असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. मात्र खूण नसली तरी रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवतात.

रक्त बिघडवणाऱ्या विषासाठी खाटेजवळची चाचणी साधी आहे. शिरेतून काढलेले २ ते ३ मिलि. ताजे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घालून २० मिनिटे अजिबात न हलवता उभे ठेवायचे आणि मग एकदाच कलते करायचे. रक्त पातळच राहिले तर गोठणशक्ती संपलेली आहे. इतकी सोपी चाचणी चुकते ती बारीकसारीक कारणांनी. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही, कारण रक्त गोठण्याची सुरुवात काचेच्या स्वच्छ पृष्ठभागामुळे होते. दर पाच मिनिटांनी नळी उचलून पाहिली तरी निकाल बिघडतो. पहिली चाचणी चांगली आली तर पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने ती पुन्हा करतात.

मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश तोडणाऱ्या विषाची पहिली खूण पापण्यांत दिसते : रुग्ण झोपाळू वाटतो, पण तो जागा असतो, पापण्या उचलत नाहीत. त्यानंतर दुहेरी दिसणे, गिळता न येणे, मान न धरणे. एका श्वासात किती आकडे मोजता येतात हे दर काही मिनिटांनी नोंदवले की श्वसनाचे स्नायू किती थकले ते कळते. मण्यारीच्या दंशात जागेवर सूज नसते, दातांची खूणही बहुधा सापडत नाही. पहाटे पोटात कळ, घशात दुखणे आणि उलटी एवढ्यावरून रुग्ण आम्लपित्ताची गोळी घेऊन घरी बसतो आणि उजाडेपर्यंत पापण्या मिटतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असे झाले तर आधी मण्यार मनात यावी.

प्रत्येक भुकटीच्या कुपीत १० मिलि. निर्जंतुक पाणी घालून ती हळुवार गोल फिरवतात. घाईने खळाखळा हलवली तर फेस होऊन प्रथिने खराब होतात. १० कुप्या सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात शिरेतून देतात. त्वचेवर ‘टेस्ट डोस’ देऊ नये : त्यावरून तीव्र प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही, उलट वेळ जातो आणि शरीर विनाकारण संवेदनशील होते. चाव्याच्या जागी टोचण्याचाही उपयोग नाही.

औषध चालू असताना पहिला तास परिचारिकेने खाटेजवळून हलू नये. अंगाला खाज, पित्ताच्या गाठी, खोकला, धाप, रक्तदाब उतरणे यांपैकी काहीही दिसले की ठिबक थांबवून प्रौढाला ०.५ मिग्रॅ. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात. मुलांना किलोमागे ०.०१ मिग्रॅ. प्रतिक्रिया शमली की तेच औषध संथपणे पुन्हा सुरू करायचे असते. भीतीने ते कायमचे बंद केले तर विष जिंकते. श्रीलंकेत सुमारे हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधाआधी त्वचेखाली दिलेल्या ०.२५ मिग्रॅ. ॲड्रेनलिनने तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन व प्रोमेथाझिन यांनी तसा फायदा दिसला नाही, तरी ही दोन इंजेक्शने आजही सवयीने आधी भरली जातात.

रक्ताची चाचणी पुन्हा करायची ती सहा तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्याने बनवायला एवढा वेळ लागतो. त्याआधी चाचणी बिघडलेली दिसली म्हणून आणखी कुप्या ओतणे हा निव्वळ अपव्यय. रक्तदंशात (घोणस, फुरसे) एकूण ३० आणि चेतादंशात (नाग, मण्यार) २० कुप्यांच्या पुढे सहसा जात नाहीत. नागाच्या दंशात ॲट्रोपिनपाठोपाठ निओस्टिग्मिन दिले तर पापण्या अर्ध्या तासात उघडू लागतात, कारण नागाचे विष स्नायूवरची जागा अडवून बसते. मण्यारीचे विष संदेश पाठवणाऱ्या टोकाचाच नाश करते, तेथे निओस्टिग्मिन बहुधा चालत नाही आणि प्रतिसर्पविषही उशिरा पोहोचते. अशा रुग्णाला कृत्रिम श्वासाचाच आधार. अंबू पिशवी हाताने दाबत नेलेले रुग्णही काही दिवसांनी चालत घरी जातात. घोणशीच्या दंशात लघवी कमी वा गडद होणे ही डायलिसिसची पूर्वसूचना. काही रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत रक्तस्राव होऊन महिन्यांनंतर थकवा, केस गळणे, पाळी बंद होणे अशी लक्षणे येतात आणि त्यांचा त्या जुन्या दंशाशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

दवाखान्यापर्यंत : ‘पान लागले’, म्हणजे साप चावला, की देवर्षीकडे धाव, कडुनिंबाचा पाला कडू लागतो का याची परीक्षा आणि घट्ट दोरी, हा क्रम अजून पूर्ण मोडलेला नाही. पाला चारल्याने विष कळत नाही. घसा लुळा पडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत तो जाऊ शकतो. कापून रक्त काढले तर न गोठणारे रक्त वाहतच राहते. करायचे एवढेच : हातापायांतील अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढणे, चावलेला अवयव काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवणे, चालवत न नेणे आणि १०८ ला फोन. दोरी बांधलेलीच असेल तर ती वाटेत एकदम सोडू नये. शिरेत औषध सुरू झाल्यावर डॉक्टरांनी सोडावी, नाहीतर साठलेले विष एका लोंढ्याने रक्तात येते. कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे म्हणजे सीपीआर रुग्णालयात कृत्रिम श्वसनाची व डायलिसिसची सोय आहे. पण चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ पडते, आणि पहिल्या १० कुप्या जवळच्या सरकारी दवाखान्यातच घेऊन पुढे निघणे हे दोन्ही वाटांवर शहाणपणाचे.

नवे संशोधन : पहिले प्रतिसर्पविष १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ अल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषाविरुद्ध बनवले. ते सगळ्या सापांवर चालते हा त्यांचा दावा फार काळ टिकला नाही. तोच धडा आता एकाच जातीच्या आत गिरवावा लागतो आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ पासून दाखवून दिले, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, आणि ‘चार मोठ्यां’पलीकडच्या काही विषारी सापांवर प्रचलित औषध दुबळे पडते. विष मुख्यतः तमिळनाडूतून येत असताना सह्याद्रीच्या सापांवर तेच औषध किती लागू पडते, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी नाही.

दुसरी वाट घोड्याला वगळण्याची. २०२४ साली अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेने व सुनगर यांच्या गटाने मिळून ‘९५ मॅट ५’ हे प्रयोगशाळेत घडवलेले मानवी प्रतिपिंड मांडले. नाग-मण्यार कुळातील एका मोठ्या चेताविष गटाला ते धरते. २०२५ साली, वर्षानुवर्षे स्वतःला विष टोचून घेणाऱ्या टिम फ्रीडे या अमेरिकन माणसाच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिपिंडे व वारेस्प्लाडिब हे औषध यांच्या मिश्रणाने उंदरांना १९ पैकी १३ सापांच्या विषापासून पूर्ण संरक्षण दिले. अमेरिकन प्रथिनशास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने तर संगणकावर आराखडा करून विषाला चिकटणारी लहान प्रथिने बनवली. हे तिन्ही प्रयोग उंदरांपर्यंतच आले आहेत, आणि तिन्ही नाग-मण्यारीच्या कुळासाठी आहेत.

उसाच्या फडाच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे ते वारेस्प्लाडिब. हृदयविकारासाठी शोधलेले आणि तेथे अपयशी ठरलेले हे औषध विषातील फॉस्फोलिपेज नावाचे विकर (एन्झाइम) अडवते, आणि ते तोंडाने घेता येते. म्हणजे रुग्णवाहिका येण्याआधी बांधावरच देता येईल अशी कल्पना. भारत व अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. मुख्य निकष पूर्ण झाला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत फायद्याची चिन्हे दिसली. घोणशीच्या विषात या विकराबरोबरच धातूवर चालणारी प्रथिनभंजक विकरे असतात आणि रक्तातील गोठण्याचे घटक मुख्यतः तीच खर्चून टाकतात. त्यांच्यासाठी जस्त हिरावून घेणारे युनिथायॉल हे जुने औषध तपासले जात असून केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची सुरक्षितता पाहिली गेली. यांपैकी कोणतीही गोळी आज कोल्हापुरातील औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात उपचारासाठी मिळत नाही.