नऊ जणी धावल्या, नऊ जणी पोहोचल्या

१९२८चं ॲमस्टरडॅम ऑलिम्पिक आपल्याकडे लक्षात आहे ते ध्यानचंद आणि हॉकीच्या पहिल्या सुवर्णपदकामुळे. त्याच ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा ॲथलेटिक्समध्ये उतरल्या. त्यांच्या वाट्याला पाचच प्रकार आले: १०० मीटर, ८०० मीटर, रिले, उंच उडी आणि थाळीफेक. यातली ८०० मीटरची अंतिम शर्यत २ ऑगस्टला झाली आणि त्यानंतर ती ऑलिम्पिकमधून ३२ वर्षं गायब होती.

शर्यत झकास झाली होती. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली; हा विश्वविक्रम पुढे १९४४पर्यंत टिकला. जपानची किनुए हितोमी दुसरी, स्वीडनची इंगा गेंत्झेल तिसरी. राडके आणि हितोमी यांच्यात सेकंदाचंही अंतर नव्हतं. वर्तमानपत्रांना मात्र दिसलं ते निराळंच. बायका कोसळल्या, त्यांच्या शरीराला हे झेपत नाही, असा सूर लागला. एका अमेरिकी पत्रकाराने तर अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, असं लिहून टाकलं. धावल्या होत्या नऊ, आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. रेषा ओलांडल्यावर काही जणी जमिनीवर आडव्या झाल्या, एवढंच काय ते खरं.

८०० मीटर जीव तोडून धावल्यावर दुसरं काय होणार? ही शर्यत शरीराची मोठी पंचाईत करते. स्नायूंना ताकद पुरवणारा एटीपी हा रेणू साठ्यात असतो जेमतेम दोन-तीन सेकंदांपुरता. तो पटकन पुन्हा भरणारं क्रिएटिन फॉस्फेट आणखी काही सेकंद निभावतं. पुढची खरी सोय ऑक्सिजनची, पण हृदय आणि श्वास पूर्ण वेगावर यायला पाऊण-एक मिनिट तरी लागतं. तोवर पहिली फेरी संपत आलेली असते. मधली तूट स्नायू ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडून भरून काढतात. हा मार्ग झटपट आहे, पण त्यातून लॅक्टेट तयार होतं आणि सोबत आम्लता वाढते. विश्रांतीच्या वेळी रक्तात लिटरमागे सुमारे १ मिलीमोल लॅक्टेट असतं. चुरशीच्या ८०० मीटरनंतर ते १५च्याही वर जाऊ शकतं. शर्यतीची साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते आणि बाकीची या घाईच्या मार्गाने. दोन्ही यंत्रणा एकाच वेळी टोकापर्यंत ताणणारं अंतर म्हणून धावपटू ८०० मीटरला वचकून असतात.

बरं, हे ज्ञान १९२८ला नव्हतं असंही नाही. ब्रिटनचे ए. व्ही. हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२चं नोबेल मिळालं होतं. हिल स्वतः धावणारे. धावणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन मोजून त्यांनी ‘ऑक्सिजनचं ऋण’ ही कल्पना मांडली: धावताना जे उसनं घेतलं, ते नंतर धापा टाकत फेडायचं. तपशील पुढे बदलले. लॅक्टेट हा काही निव्वळ टाकाऊ पदार्थ नाही, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, हेही नंतर कळलं. पण शर्यतीनंतर माणूस धापा टाकत का पडतो, याचं उत्तर वर्तमानपत्रांना तेव्हाही विचारता आलं असतं.

पडण्याला आणखी एक कारण आहे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला आवळले जातात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. धावपटू एकदम थांबला की हे ढकलणं बंद पडतं, पण पायातल्या रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त खाली साचतं, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आडवं होणं हा खरा तर शहाणपणा. मेंदूला रक्त मिळणं सोपं होतं. शर्यतीनंतर लगेच न थांबता हळूहळू चालत राहा, असं प्रशिक्षक सांगतात ते याचसाठी. बाई असो की पुरुष, पोटऱ्या तशाच चालतात.

हितोमीची गोष्ट तर वेगळीच. ती मुळात वेगाची धावपटू आणि लांब उडीतली विश्वविक्रमवीर. लांब उडी स्त्रियांसाठी ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच, १०० मीटरमध्ये ती उपांत्य फेरीत बाद झाली, म्हणून ती ८०० मीटरला उतरली. या अंतराचा सराव नसलेल्या धावपटूला वेग कुठे राखायचा हे ठाऊक नसतं, आणि वेगवान धावेला सरावलेले स्नायू लॅक्टेटही भराभर तयार करतात. तरीही तिने रौप्यपदक मिळवलं. ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली जपानी स्त्री. १९३१मध्ये, त्याच २ ऑगस्टला, न्यूमोनियाने ती गेली. वय अवघं २४.

शर्यत रद्द झाल्याचे परिणाम लांबवर पोहोचले. स्त्रियांची १५०० मीटर ऑलिम्पिकमध्ये आली १९७२ला, मॅरेथॉन १९८४ला आणि ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची शर्यत, थेट २००८ला. साताऱ्याची ललिता बाबर २०१६ला रिओमध्ये ज्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, ती शर्यत स्त्रियांना मिळून तेव्हा आठच वर्षं झाली होती.

८०० मीटर परतली १९६०ला, रोममध्ये. सोव्हिएत संघाची ल्युदमिला शेव्हत्सोव्हा २ मिनिटं ४.३ सेकंदांत जिंकली. त्या अंतिम शर्यतीत आघाडीवर असलेली ऑस्ट्रेलियाची डिक्सी विलिस शेवटच्या टप्प्यात ट्रॅकबाहेर गेली आणि शर्यत पूर्ण करू शकली नाही. ॲमस्टरडॅमला न घडलेली गोष्ट इथे खरोखरच घडली. दोन वर्षांनी त्याच विलिसने पर्थला २ मिनिटं १.२ सेकंदांचा विश्वविक्रम केला, आणि १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर होतीच.