पाण्याचा ताळेबंद (गावपातळीवरील)

गावाच्या शिवारात पडलेला पाऊस, त्यातून जमिनीत मुरलेले व बंधाऱ्यांत साठलेले पाणी एका बाजूला आणि माणसे, जनावरे व पिके यांची गरज दुसऱ्या बाजूला मांडून रब्बी व उन्हाळी पिकांखालील क्षेत्र ठरविण्याची पद्धत. जलवर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात. परतीचा पाऊस ओसरल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरात, ताळेबंद मांडून ग्रामसभेपुढे ठेवतात. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यात पिके बसवायची, हा सर्वमान्य क्रम आहे. हिशोब टीसीएममध्ये म्हणजे सहस्र घनमीटरमध्ये करतात. एक हेक्टरवरचा १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. त्यामुळे १,००० हेक्टरांच्या शिवारात ५०० मिमी पाऊस झाला, तर जमेला ५,००० टीसीएम दिसतात. त्यांतला मोठा वाटा बाष्पीभवन, खरिपाची पिके आणि ओढ्यानाल्यांनी वाहून जाणारे पाणी यांतच संपतो.

पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीपर्यंत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरील जुन्या सामुदायिक सिंचनापर्यंत, मागे नेतात. उपलब्ध पाणी पाहून कोणत्या फडात (शेतांच्या गटात) कोणते पीक घ्यायचे हे तेथे सामुदायिकपणे ठरत असे. अनेक जण १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीला हा मान देतात. पाणीवाटप जमिनीवर नव्हे तर माणशी, दर डोई अर्धा एकर या प्रमाणात, आणि ऊस वर्ज्य, हे तिचे नियम प्रसिद्ध आहेत. तथापि हे दोन्ही दाखले साठवलेल्या किंवा वळवलेल्या पाण्याच्या वाटपाचे आहेत. त्यांत भूजल मोजलेले नाही. पाऊस व विहिरींची पातळी मोजून त्यावरून पीकरचना ठरविणे हा निकष लावला, तर पद्धतीचा प्रारंभ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणे अधिक सयुक्तिक ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे, सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साहाय्याने, वार्षिक ताळेबंद बहुधा २००२ ते २००४ च्या दरम्यान सुरू झाला. शेतीसाठी बोअर न घेणे, ऊस व केळी न लावणे, हे निर्बंध गावाने त्याआधीच स्वीकारले होते. साधारण त्याच सुमारास अविभाजित आंध्र प्रदेशातील सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पर्जन्यमापक व बोअरची पातळी नोंदवून पीक-पाणी अंदाजपत्रक मांडण्याचा प्रकल्प चालू झाला. पुढे त्याला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे पाठबळ मिळाले. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असे मानण्यास सबळ आधार दिसत नाही.

जमेच्या बाजूतील सर्वांत कच्चा दुवा भूजलाचा. महाराष्ट्राचे सुमारे ८२ टक्के क्षेत्र बेसाल्टने, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाने, व्यापलेले आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, मांजऱ्या (सच्छिद्र) खडकाच्या थरांत व भेगांत. अखंड काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. पावसाळ्यात पातळी किती चढली × क्षेत्रफळ × स्पेसिफिक यील्ड, अधिक पावसाळ्यातला उपसा, असे भूजलाच्या जमेचे गणित आहे. स्पेसिफिक यील्ड म्हणजे पातळी उतरताना खडकाच्या एकूण घनफळाच्या किती टक्के पाणी मोकळे होते ते प्रमाण. भूजल अंदाजासाठीच्या १९९७ च्या केंद्रीय पद्धतीत सच्छिद्र वा झिजलेल्या बेसाल्टसाठी २ टक्के सुचविलेले आहेत, मात्र पल्ला १ ते ३ टक्के दिला आहे. वर घेतलेल्या १,००० हेक्टरांच्याच शिवारात पातळी ४ मीटर चढली असे धरल्यास उत्तर २ टक्क्यांना ८०० टीसीएम येते, १ टक्क्याला ४०० आणि ३ टक्क्यांना १,२००. हरभऱ्याच्या हेक्टरी गरजेपोटी ढोबळमानाने ३ टीसीएम धरले, तर ही तफावत अडीचशेहून अधिक हेक्टरांची होते. पावसापैकी किती टक्के मुरते यावरून काढलेला अंदाजही (झिजलेल्या बेसाल्टला ७, सच्छिद्र व सांधेयुक्त म्हणजे भेगाळ बेसाल्टला १३ टक्के) असाच दुप्पट-निमपट होतो. ताळेबंदाच्या छापील तक्त्यात हे दिसत नाही, कारण तेथे आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो. म्हणून काही भूजलतज्ज्ञ प्रशासकीय गावाऐवजी जलधर (पाणी धरून ठेवणाऱ्या) खडकाची सीमा हे एकक धरावे आणि स्पेसिफिक यील्ड स्थानिक चाचण्यांवरून काढावे, असे सुचवतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी ग्रामसभा मात्र गावाच्याच हद्दीत भरते.

पातळी मोजण्याची रीत साधी असली, तरी चुका तिथेच होतात. विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करतात, टेप नेहमी त्याच खुणेपासून सोडतात आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करतात. उपसा चालू असताना घेतलेली पातळी खोटी असते. मोटर बंद करून पाणी स्थिरावू द्यावे लागते. बोअरसाठी पिझोमीटर (केवळ पातळी मोजण्यासाठीची निरीक्षण-नळी) वापरतात. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशा चार वेळा घेते. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये आणलेल्या ‘जलदूत’ ॲपवर गावातील निवडक विहिरींच्या पातळ्या पावसाळ्यापूर्वी व नंतर भरल्या जातात.

पावसाची आकडेवारी राज्याच्या ‘महावेध’ या हवामान-माहिती प्रकल्पाच्या महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रांवरून मिळते. एकाच मंडळातील दोन गावांचा पाऊस सारखा नसतो, हे शेतकऱ्यांस सांगावे लागत नाही. म्हणून गावात स्वतंत्र पर्जन्यमापक ठेवणे इष्ट. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी (पोकरा) मुंबईच्या आयआयटीने विकसित केलेली संगणकीय प्रणाली माती, उतार, जमीनवापर व दैनंदिन पाऊस यांवरून अपधाव (वाहून जाणारे पाणी), जमिनीतील ओल आणि पिकाची पाण्याची तूट काढते. पावसाच्या खंडात पीक वाचवण्यासाठीचे संरक्षित पाणी कधी लागेल हे तीतून कळते. हंगामी तक्त्यात ते कळत नाही.

खर्चाची बाजू विहिरींच्या संख्येला सरासरी उपशाने गुणून किंवा पीकपेऱ्यावरून काढतात. पीकपेरा बरोबर नोंदवला असेल तर दुसरी रीत बरी. ठिबकाने वाचलेले पाणी ‘शिल्लक’ म्हणून दाखविण्याची प्रथा मात्र शंकास्पद आहे: पाटपाण्यातून झिरपून परत विहिरीला मिळणारा भाग ठिबकात घटतो आणि वाचलेल्या पाण्यावर बहुधा आणखी क्षेत्र ओलिताखाली येते.

राज्याच्या डिसेंबर २०१४ च्या जलयुक्त शिवार अभियानात गाव आराखड्यासाठी ताळेबंद आला. केंद्राच्या, महाराष्ट्रासह सात राज्यांतील अटल भूजल योजनेत (२०१९) ग्रामपंचायतनिहाय जलसुरक्षा आराखडा त्यावरच उभारला गेला. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये भूजल वापर आराखडा व पीक आराखडा यांची तरतूद आहे. परंतु बहुतेक गावांत ताळेबंदाचे पालन कायद्यापेक्षा गावच्या एकीवरच चालते.

कोकण व गोव्यात ही पद्धत फारशी रुजलेली नाही. जांभ्या खडकात पाणी झपाट्याने मुरते आणि झऱ्यांवाटे तितक्याच झपाट्याने निघून जाते. ऑक्टोबरातील पातळीवरून मार्चचा अंदाज बांधता येत नाही. गोव्याचा २००२ चा भूजल नियमन कायदाही मुख्यतः विहिरींची नोंदणी व उपशाचे परवाने यांपुरता आहे.