हितसंबंध वेगळा, पक्षपात वेगळा: कॅमेऱ्याचा रिव्ह्यू कसा पारखावा

रिव्ह्यूअरला कॅमेरा कंपनीकडून मिळाला, एवढं कळलं की आपण लगेच ठरवतो: हा विकला गेलाय. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. पैसा किंवा वस्तू कुठून आली, हा हितसंबंधाचा प्रश्न. चाचणी कशी घेतली, हा पक्षपाताचा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. हा फरक लक्षात न घेता नाशिकच्या एम.जी. रोडवर लाखभर रुपये मोजले, तर पस्तावायची वेळ येते.

हितसंबंध शोधणं तुलनेने सोपं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आणि त्याखालच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो उघड करणं बंधनकारक आहे. फुकट वस्तू, प्रवास आणि हॉटेलचा मुक्कामही त्यात मोडतात. बहुतेक मोठ्या रिव्ह्यूअरना बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, काही दिवसांसाठी मिळते आणि नंतर परत जाते. त्यात फारसं वावगं नाही. जास्त लक्ष द्यावं ते खरेदीच्या लिंककडे. लिंकवरून विक्री झाली की कमिशन मिळतं आणि ते सहसा कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर मिळतं. म्हणजे अशा माणसाला ‘अ’पेक्षा ‘ब’ चांगला म्हणण्याचं विशेष कारण नसतं, पण ‘तुमचा जुना कॅमेरा पुरेसा आहे’ हे न म्हणण्याचं कारण नक्की असतं. तो हे वाक्य कधी लिहितो का, ते बघा.

उलट, स्वतःच्या पैशाने घेतलेला माणूस निःपक्षपाती असतोच असं नाही. दीड लाख घातल्यावर खरेदी चुकली हे कबूल करणं जड जातं.

पक्षपात मात्र चाचणीच्या आत बसलेला असतो, तो उकरून काढावा लागतो. सर्वांत जास्त फसवणूक लेन्समुळे होते. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला दोन कॅमेऱ्यांची तुलना केली, शटर दोन्हीकडे 1/125 सेकंद. एका बॉडीवर 50 मिमी एफ/1.8 लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं अॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड मोठं), दुसरीवर कॅमेऱ्यासोबत किटमध्ये येणारी 18-55, जी 55 मिमीला एफ/5.6 च्या पुढे उघडत नाही. फरक सव्वातीन स्टॉपचा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणे वाढतात. पहिल्या कॅमेऱ्याचं काम आयएसओ 640 वर भागतं, दुसऱ्याला 6400 पर्यंत जावं लागतं. मग ‘दुसरा रात्री दाणे दाखवतो’ हे वाक्य खरं असूनही निष्कर्ष खोटा ठरतो, कारण तुलना लेन्सची झाली, बॉडीची नाही. रिव्ह्यूत फोटोखाली लेन्स, अॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे चारही आकडे नसतील तर त्या फोटोवरून काहीच ठरवू नये.

दुसरी जागा जेपेगची, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच प्रक्रिया करून दिलेल्या फोटोची. काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणाचा फोटो सांजवेळी काढून 100 टक्के मोठा करून बघा. कॅमेऱ्यातली नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसणारी सोय, जोरात असेल तर दगडाचा खरखरीतपणा जातो आणि भिंत मेण फासल्यासारखी गुळगुळीत दिसते. घाईत बघणारा त्यालाच ‘स्वच्छ’ म्हणतो. प्रक्रिया न झालेली रॉ फाइल उघडली की दाणेही दिसतात आणि दगडही. कंपनीने ठेवलेल्या मूळ सेटिंगवरच्या दोन जेपेगची तुलना म्हणजे दोन कंपन्यांच्या आवडीची तुलना. सेन्सरबद्दल त्यातून फार थोडं कळतं.

पक्ष्यांचा फोकस हाही असाच विषय. मोकळ्या आकाशातल्या बगळ्यावर बहुतेक नवे कॅमेरे टिकतात. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पाणगवतात अर्धी लपलेली जांभळी पाणकोंबडी ही खरी परीक्षा, कारण पुढची पाती फोकस ओढून घेतात. ‘भन्नाट पकडतो’ या शब्दाला किंमत नाही. 60 फ्रेमपैकी डोळा किती फ्रेममध्ये धारदार आला, या आकड्याला आहे.

भाषाही बोलते. त्याच रिव्ह्यूअरचे दोन कंपन्यांवरचे जुने रिव्ह्यू शेजारी ठेवा. 700 ग्रॅमची बॉडी एकीकडे ‘भरीव’ आणि दुसरीकडे ‘अवजड’ होत असेल, तर कल सापडला, मग खिशात कुणाचा रुपयाही आलेला नसो.

एक गोष्ट मात्र पक्षपात समजू नये. थंड खोलीत तासभर चाललेलं 4के व्हिडिओ रेकॉर्डिंग नाशिकच्या मे महिन्यात, चाळिशीच्या आसपासच्या उन्हात आधीच बंद पडलं तर रिव्ह्यूअर खोटं बोलला असं होत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांची वापराची मर्यादाच 40 अंश असते. चाचणी कुठल्या तापमानाला घेतली हे लिहिलं नसेल, तर ती त्रुटी जरूर धरावी.

शंका उरली तर स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन दुकानात जा. दोन्ही बॉड्यांवर शक्य तितकी सारखी लेन्स, मोड एम (मॅन्युअल), एफ/4, 1/125, आयएसओ 3200, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर कायम, रॉ अधिक जेपेग. फोकस एकाच खोक्यावरच्या बारीक अक्षरांवर. घरी बघताना 45 मेगापिक्सेलची फाइल आधी 6000 पिक्सेल रुंद करून घ्या आणि मगच 24 मेगापिक्सेलच्या शेजारी ठेवा. दोन्ही 100 टक्क्यांवर पाहिल्या तर जास्त पिक्सेलवाली उगाच दाणेदार दिसते, आणि पुष्कळ रिव्ह्यूंमध्ये नेमकी हीच चूक असते.