दोन्ही 'टेन प्लस टू', दोन्ही एझिमाला. मग फॉर्म कुठला?

देवळालीच्या तोफखान्यामुळे नाशिक रोड भागात लष्कराच्या भरतीची माहिती बऱ्यापैकी असते. नौदलाचं तसं नाही. नौसैनिकाच्या मुलाला बारावीनंतर अधिकारी व्हायचं असेल, तर केरळमधल्या एझिमालाच्या नौदल अकादमीत थेट नेणाऱ्या दोन वाटा आहेत: 'टेन प्लस टू कॅडेट एंट्री' आणि 'टेन प्लस टू बी.टेक. कॅडेट एंट्री'. घोळ इथूनच सुरू होतो, कारण बी.टेक. दोन्हीकडे मिळतं, तेही चार वर्षांतच.

पहिली वाट यूपीएससीच्या एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षेतून जाते. परीक्षा वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, प्रत्येकी अडीच तास. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेत, मात्र टक्क्यांची अट नाही. फॉर्म भरताना पसंतीक्रम नीट बघा. 'नौदल' म्हणजे आधी तीन वर्षं खडकवासल्याची प्रबोधिनी, मग एझिमाला. 'नौदल अकादमी' हा त्याच यादीतला स्वतंत्र पर्याय आहे. नुसतं 'नौदल' भरून थांबलात, तर अकादमीच्या जागांसाठी तुमचा विचारच होत नाही.

दुसऱ्या वाटेत यूपीएससीचा संबंध नाही. अर्ज नौदलाच्या भरती संकेतस्थळावर, आणि एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखत-चाचण्यांना, बोलावतात ते जेईई मेनच्या रँकवरून. वेगळी लेखी परीक्षा नसते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून किमान ७० टक्के आणि इंग्रजीत दहावी किंवा बारावीला किमान ५० टक्के लागतात. आपल्याकडे बारावीची सगळी तयारी एमएचटी-सीईटीच्या हिशोबाने चालते. ते गुण इथे चालत नाहीत. जेईईच्या जानेवारी सत्रानंतर हातात येतो तो फक्त पर्सेंटाइल, रँक दुसऱ्या सत्रानंतर लागते. फॉर्ममध्ये भरायची ती कॉमन रँक लिस्टमधली, म्हणजे सगळ्या उमेदवारांच्या एकत्र यादीतली. कॅटेगरी रँक टाकली की अर्ज अडकलाच म्हणायचा.

ज्याचं गणित पक्कं आहे पण बोर्डाचे टक्के बेभरवशाचे, त्याने एनडीए सोडू नये. जेईईची तयारी चालूच असेल तर दोन्ही फॉर्म भरावेत. एसएसबी दोन्हीकडे तशीच: पाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी चाळणी.

आता वडिलांच्या नोकरीचं. 'बाबा नेव्हीत आहेत, कोटा असेलच' हे साफ चूक. नौसैनिकांच्या मुलांसाठी यातल्या कुठल्याच वाटेत राखीव जागा नाहीत. एनडीएच्या १०० रुपये फीची माफी आहे, पण तीही मुलगा राष्ट्रीय मिलिटरी स्कूलमध्ये किंवा सैनिक स्कूल सोसायटीच्या शाळेत शिकत असेल आणि प्राचार्यांचा दाखला असेल तरच. शाळेच्या नावात 'मिलिटरी' असणं पुरेसं नाही.

खरा उपयोग आहे तो नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचा. तिथे एसएसबीची तयारी, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि वडील फौजी असण्याचीही अट नाही. एनडीएची लेखी पास होऊन एसएसबीला पात्र ठरलेल्यांना तिथे अर्ज करता येतो. जेईईच्या वाटेने बोलावणं आलेल्यांनी बॅच सुरू होण्याआधीच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कॉल लेटर दाखवून आपण बसतो का, ते विचारून घ्यावं.